वेशीबाहेरचे बंगळूर : प्रस्तावना

मराठी माणूस बंगळूरचा इतिहास काढतो तेव्हा तो शहाजीराजांपाशी सुरू होतो आणि बहुतेक वेळा तिथेच संपतो. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर राजे या मुलखात उतरले, केंपेगौडांचे ठाणे हाती आले, पुढे ते त्यांच्याच जहागिरीत मोडू लागले. जिजाबाई आणि बाल शिवाजी काही काळ इथे राहून गेले. राजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये यांनी ‘राधामाधवविलासचंपू’त केले आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी ते काव्य १९२२ मध्ये छापून आपल्यापुढे ठेवले. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. राजांचा वाडा नेमका कुठे होता यावर इथल्या मराठी मंडळींत रात्र रात्र वाद रंगतात, आणि तो वाद मलाही प्रिय आहे. पण जहागीर वाड्याच्या जोरावर चालत नसते. तिचा सारा होसकोट्याकडून, दोड्डबळ्ळापुराकडून, कोलाराकडून येत होता. तळ्याखालचे भात, कोरडवाहू नाचणी, तेलाचे घाणे, विणकरांचे माग यांतून येत होता. त्या गावांची चौकशी आपण कधी केली नाही. हे पुस्तक त्या चौकशीचे आहे.

मुलूख कोणता, हे आधी सांगितले पाहिजे, कारण कागदावरच्या सीमा इथे फार वेळा हलल्या आहेत. जुना बंगळूर जिल्हा १९८६ मध्ये फोडून शहर आणि ग्रामीण असे दोन जिल्हे झाले. २००७ मध्ये ग्रामीणमधून मागडी, चन्नपट्टण, कनकपुर आणि रामनगर हे तालुके निघाले व रामनगर जिल्हा झाला. ग्रामीणकडे चार तालुके उरले: देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे आणि नेलमंगल. २०११ च्या जनगणनेत या चार तालुक्यांची लोकसंख्या ९,९०,९२३ भरली. शेजारच्या शहर जिल्ह्याची ९६ लाखांवर. म्हणजे दहा माणसांच्या गर्दीत एक माणूस खेड्याचा, आणि त्याचेही गाव उद्या कुठल्या लेआउटच्या नकाशात जाईल याचा नेम नाही. आम्ही जुन्या जिल्ह्याची हद्द धरली आहे, कारण शिलालेख आणि दफ्तरे तीच हद्द ओळखतात. आनेकल आणि मागडी त्यामुळे आत आले. बेगूर, आगर, हेब्बाळ, दोम्मलूर ही आज पुरती शहरात बुडालेली गावेही आत आली.

एका तालुक्याचा, एका गावाचा इतिहास लिहावा, ही कल्पना आपल्याला परकी नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ १९१५ चे. ना. गो. चापेकरांनी एकट्या बदलापुरावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तरी या कामाचा सर्वांत मोठा उद्योग कुठे झाला असेल तर तो अमेरिकेत. तिथे काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्या-जिल्ह्याच्या मधला भाग, आणि अशा तीन हजारांवर काउंट्या आहेत. १८७६ मध्ये स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली तेव्हा तिथल्या काँग्रेसने ठराव केला आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी जाहीरनामा काढला, की प्रत्येक काउंटीने, प्रत्येक गावाने आपला इतिहास स्थापनेपासून लिहून काढावा, ४ जुलैला तो जाहीर वाचावा, एक प्रत काउंटीच्या दफ्तरात आणि एक काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवावी. त्या हाकेनंतर इंडियाना, इलिनॉय, आयोवा अशा शेतीच्या राज्यांत काउंटीच्या इतिहासांचे पीक आले. चामड्याच्या बांधणीचे, हजार-हजार पानांचे ग्रंथ. ते छापणाऱ्या कंपन्यांची माणसे शेताशेतांवर फिरून आगाऊ वर्गणी गोळा करत; वर्गणीदाराचे चरित्र ग्रंथात येई, आणखी पैसे मोजले तर चित्रही.

या ग्रंथांनी केवढी माहिती वाचवली! पहिली गिरणी कुणी घातली, पहिली शाळा कुठल्या लाकडी खोपटात भरली, कोणत्या सालच्या पुराने कुठला पूल नेला, हे सारे त्यांत आहे. पण ज्याने पैसे दिले नाहीत तो त्यांत नाही. ज्यांच्या जमिनीवर ती काउंटी आखली गेली ते मूळ रहिवासी पहिल्या प्रकरणात येतात आणि दुसऱ्या प्रकरणाआधी नाहीसे होतात. कुळाने कसणारा, मजूर, गुलामीतून सुटलेला माणूस, यांना पान मिळत नाही. गावचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने हे ग्रंथ एकदा तरी चाळावेत. काय करावे आणि काय करू नये, दोन्ही एकाच ठिकाणी शिकायला मिळते.

बंगळूरच्या गावांचे नशीब असे, की त्यांचा इतिहास छापखान्याच्या हजार वर्षे आधीपासून दगडावर आहे, आणि त्या दगडावर यायला वर्गणी लागत नव्हती. मरण लागत होते. गावावर धाड आली, गुरे हाकलली गेली, ती सोडवायला जो धावला आणि पडला, त्याचा वीरगळ गाव उभा करी. या मुलखात पाय ठेवला की हे दगड भेटतात: तळ्याच्या बांधावर, पिंपळाच्या पारावर, कधी कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत. आपल्याकडच्या वीरगळांशी त्यांचे नाते लगेच ओळखू येते. सर्वांत खाली लढाई. मध्ये अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. वरच्या पट्टीत तो शिवलिंगासमोर बसलेला. होसकोट्याच्या बाजूला मी असा एक दगड पाहिला. खालच्या पट्टीतला माणूस अनवाणी, डोक्यावर एका बाजूला गाठ मारलेले केस, हातात धनुष्य. त्याच्या पायांमागून तीन गायी मान वळवून बघतात. कुणी तरी त्याला हळद-कुंकू लावले होते, तेल इतके चढवले होते की अक्षरांच्या खाचा भरून गेल्या होत्या. गावाला त्याचे नाव ठाऊक नव्हते. तो त्यांचा देव होता, आणि गुरे आजारी पडली की त्याला नारळ फुटत होता. ज्या कामासाठी मेला त्याच कामाला तो अजून लावलेला आहे, याचे मला फार वाटले.

हे दगड वाचायचे काम बेंजामिन लुईस राइस यांनी केले. मिशनऱ्याचा हा मुलगा १८३७ मध्ये बंगळुरातच जन्मला, म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्यात चढला आणि पुढे पुराणवस्तुखात्याचा प्रमुख झाला. ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड ही त्याची हयातीची कमाई, त्यांत नऊ हजारांच्या आसपास लेख आहेत. बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ चा. त्यात लेख राजघराण्यांप्रमाणे लावलेले नाहीत, तालुक्याप्रमाणे लावले आहेत: आधी बंगळूर, मग नेलमंगल, अशा क्रमाने, प्रत्येक लेखाला गावाचे नाव आणि क्रमांक. या मांडणीमुळे तो ग्रंथ आपोआप गावांचा इतिहास झाला. आज एखाद्या खेड्यातला शाळामास्तर आपल्या गावाचे नाव शोधून थेट आपल्या दगडापर्यंत पोहोचू शकतो. राजा कोण होता हे त्याला नंतर कळले तरी चालते.

या दगडांनी किती गोष्टी उलगडल्या ते पाहा. बंगळूर या नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख शहरात सापडलेला नाही. तो दक्षिणेकडच्या बेगूर गावी, नागेश्वराच्या देवळात, इसवी सन ८९० च्या सुमाराच्या वीरगळावर आहे. बंगळूरच्या लढाईत कोण पडला, हे त्यावर लिहिले आहे. केंपेगौडांनी किल्ला बांधला तो १५३७ च्या सुमारास. त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीची ही गोष्ट, आणि ती टिकवली एका खेड्याने. हेब्बाळला २०१८ मध्ये गटाराच्या कामात एक दगड वर आला. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळचा, म्हणजे आठव्या शतकातला. त्यावर कित्तय्या नावाच्या वीराचे मरण कोरलेले. आज शहराच्या हद्दीतल्या ज्ञात कन्नड लेखांत तो सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. दोम्मलूरच्या चोक्कनाथ देवळात आणि होसकोटे भागात तमिळ लेख आहेत, कारण अकराव्या शतकाच्या सुरुवातीला चोळांनी गंगांचा हा मुलूख जिंकला. भाषेवरून आज जे तंटे होतात ते करणाऱ्यांनी हे दगड बघून यावेत. कन्नड, तमिळ, तेलुगू एकाच तालुक्यात, कधी एकाच देवळात, शेजारी शेजारी उभ्या आहेत.

आणि या यादीत एक दगड आपल्या घरचा आहे. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळापाशी १६६९ चा लेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी, म्हणजे आपले व्यंकोजी, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लिकार्जुनाच्या पूजेअर्चेला दिल्याचे तो सांगतो. लेख कन्नडमध्ये आहे. राजा मराठी, रयत कन्नड, तर दानपत्र रयतेच्या भाषेत. ज्यांनी ते पाळायचे त्यांना ते वाचता यायला हवे, हे त्या दरबाराला कळत होते. मल्लेश्वरमला मराठी घरे पुष्कळ आहेत, सकाळी देवळात जाणारेही पुष्कळ. त्यांना या लेखाविषयी विचारा. बहुतेकांना तो तिथे आहे हेच माहीत नसते.

दगडांनंतर पाणी. या पठाराला बारमाही नदी नाही. अर्कावती आणि दक्षिण पिनाकिनी नंदीच्या डोंगरांतून निघतात खऱ्या, पण पावसाळा सरला की त्यांची पात्रे वाळूची. म्हणून इथल्या माणसाने उतारावर एकाखाली एक तळी बांधली. वरचे भरले की त्याच्या सांडव्याचे, इथल्या भाषेत कोडीचे, पाणी खालच्यात. तळ्याला इथे केरे म्हणतात, आणि गावाचा खरा इतिहास केरेचा इतिहास असतो. आगरच्या नवव्या शतकातल्या लेखात कुणा राजाचा पराक्रम नाही. सिरिमय्या नावाच्या माणसाने तळ्यांना मोऱ्या बसवल्या, नवे तळे बांधले, हे त्याचे कर्तृत्व. तळे बांधणाऱ्याला त्या तळ्याखालच्या जमिनीतला हिस्सा देण्याची रीत होती. तळ्याचा गाळ काढणे, बांध राखणे यासाठी गावात हक्क ठरलेले होते.

बलुतेदारीची आपली चौकट इथेही होती. म्हैसूरच्या गॅझेटिअरमध्ये तर ‘बाराबलुती’ हाच शब्द पडतो. गौड म्हणजे पाटील, शानभोग म्हणजे कुलकर्णी, तळवार, तोटी, सुतार, लोहार, परीट, न्हावी. पण इथल्या यादीत एक माणूस देशावरच्या यादीत ठळकपणे दिसत नाही: नीरगंटी. तळ्याची मोरी किती उघडायची, कुणाच्या खाचरात किती वेळ पाणी सोडायचे, शेवटच्या शेताला पाणी पोहोचेपर्यंत कुणाचा पाट बंद ठेवायचा, हे सगळे त्याच्या हाती. बहुतेक ठिकाणी हा माणूस दलित समाजातला. ज्याला तळ्याच्या घाटावर इतरांच्या बरोबरीने पाणी भरू देत नसत त्याच्याकडेच अवघ्या गावाच्या पाण्याचा न्याय सोपवलेला होता. दानलेखांत त्याचे नाव नाही, सारावसुलीच्या कागदात त्याच्या वाट्याचे धान्य तेवढे आहे. अमेरिकेतल्या ग्रंथांचा दोष मी वर सांगितला; आपल्या दगडांतही तो आहे. वीरगळावर गुराखी आला, नीरगंटी आला नाही. बायका आल्या त्या मास्तीच्या दगडावर, म्हणजे सतीशिळेवर, नवऱ्यामागे जळल्या तरच. म्हणून या पुस्तकात जिथे शक्य झाले तिथे नीरगंटींच्या घराण्यांत बसून, त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून पाणीवाटपाच्या रीती लिहून घेतल्या आहेत. माझ्या मते ही पाने या ग्रंथातली सर्वांत मोलाची आहेत, आणि वाचकाने वेळ थोडा असेल तर आधी तीच वाचावीत.

शहराने या पाण्याचे काय केले, तेही सांगायला हवे. १८९४ मध्ये अर्कावतीवरच्या हेसरघट्टाचा तलाव शहरासाठी बांधून झाला आणि तिथले पाणी नळाने बंगळुरात आले. १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण. १९७४ मध्ये कावेरीचे पाणी चढवून आणले, आणि मग अर्कावतीची तितकी गरज उरली नाही. खोऱ्यातली तळी एकेक करून सुकली, बुजली. अलीकडे शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोलारच्या तळ्यांत सोडतात. शंभर वर्षे गावाने शहराला पाणी दिले, आता शहर गावाला पाणी देते आहे. ते कसले आहे याची चर्चा कोलारच्या शेतकऱ्यांत रोज चालते आणि ती ऐकण्यासारखी आहे.

आता कागद. मराठी वाचकाला इथे खास अधिकार आहे, आणि जबाबदारीही. शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी चन्नगिरीजवळ होदिगेरे इथे शिकारीत घोड्यावरून पडून गेले. जहागीर व्यंकोजींकडे आली. १६७७ च्या दक्षिणदिग्विजयानंतर शिवाजीमहाराज आणि व्यंकोजी यांच्यातल्या तहाची म्हणून जी कलमे छापली गेली आहेत त्यांत बंगळूर, होसकोटे या बाजूचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाने बंगळूर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांनी तीन लाख रुपये देऊन ते आपले केले. आपल्या पुस्तकांत बंगळूरचे मराठी प्रकरण इथे मिटते. गावांत ते मिटले नाही. हिशेब लिहिणारी, वसुली सांभाळणारी मराठी जाणणारी घराणी राहिली. म्हैसूरच्या महसुली दफ्तरांत कन्नडच्या जोडीला मराठीत हिशेब राखले जात. टिपूने फारसी आणली, तो गेल्यावर मराठी परत आली, आणि इंग्रज कमिशनरांच्या अमदानीतही पुष्कळ काळ ती कचेरीत ऐकू येत होती.

फौजाही येत राहिल्या. १७६८ च्या २२ ऑगस्टच्या रात्री होसकोट्याला मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर चालून आला. मुरारराव तेव्हा इंग्रजांच्या बाजूने लढत होते. हल्ला परतवला गेला. १७७० मध्ये थोरले माधवराव नेलमंगल तालुक्यातल्या निजगलावर आले. तुमकूर रस्त्याने दाबसपेठेकडे जाताना उजाड डोंगरावर ती तटबंदी अजून दिसते. त्या वेढ्यात नारायणराव जखमी झाले, किल्ला चित्रदुर्गाच्या बेडरांच्या मदतीने पडला, पेशव्यांची प्रकृती ढासळली आणि मोहीम त्रिंबकराव पेठ्यांवर सोपवून त्यांना परतावे लागले. पुण्याच्या दफ्तरांत या मोहिमेची पत्रे आहेत. कुठल्या ठाण्याकडून किती खंडणी आली, कुठे चारा मिळाला नाही, कुठली तळी भरलेली होती, हे त्यांत आहे. आपल्या अभ्यासकांनी ती लढाईसाठी वाचली. गावांसाठी वाचायला घेतली की तीच पत्रे वेगळे बोलू लागतात. फौज येते आहे असे कळल्यावर गावे रानात पळून गेली, हे वाक्य एखाद्या पत्रात विजयाच्या बातमीला जोडून येते. त्या रानात गेलेल्या माणसांच्या वंशजांना आम्ही विचारले. नेलमंगलच्या बाजूला ‘मराठे येण्याचे दिवस’ ही आठवण लहान मुलाला घाबरवायला वापरतात, असे एका वृद्धेने सांगितले. ते लिहिताना हात अडखळला, पण लिहिले. आपली फौज दुसऱ्याच्या गावातून कशी दिसत होती हेही आपल्याच इतिहासाचे पान आहे.

१७९९ नंतरचा काळ कागदांनी गच्च आहे, म्हणून त्याची नुसती दिशा दाखवतो. फ्रान्सिस ब्युकॅनन १८०० मध्ये मद्रासहून निघाला आणि बंगळूर भागातल्या पेठा, माग, पिके, भाव यांची रोजनिशी लिहीत गेला. ती १८०७ मध्ये छापली गेली. कॉलिन मॅकेंझीने म्हैसूरची मोजणी करताना गावोगावच्या कैफियती गोळा करवल्या. हे काम कावली घराण्यातल्या बंधूंनी आणि त्यांच्यासारख्या देशी सहायकांनी केले. नाव मॅकेंझीचे झाले. राइसचे गॅझेटिअर १८७७ चे, हयवदनराव यांचे त्यानंतर पन्नास वर्षांनी.

गावचे दफ्तर मात्र कुठल्याही ग्रंथालयात नव्हते. ते शानभोगाच्या घरी, पेटीत होते. १९६१ च्या कायद्याने वंशपरंपरेची गावकामगारी गेली. जाणे योग्यच होते. पण त्या पेट्यांचे काय करायचे हे कुणी ठरवले नाही. काही तालुका कचेरीत गेल्या, पुष्कळशा माळ्यावर राहिल्या, घर पाडताना रद्दीत गेल्या. मोडीचे रुमाल सर्वांत आधी गेले, कारण ते वाचणारे घरात उरले नव्हते.

देवनहळ्ळीचा विमानतळ मे २००८ मध्ये सुरू झाला. सुमारे चार हजार एकर जमीन. टिपूचे जन्मगाव म्हणून ते गाव सर्वांना माहीत असते. तिथल्या चकोत्याला भौगोलिक मानांकन आहे, हेही आता बाहेर कळते. परंतु त्या चार हजार एकरांत गोमाळ होते, म्हणजे गायराने होती, स्मशाने होती, पाऊलवाटा होत्या, ग्रामदेवतेच्या जत्रेचा मार्ग होता. त्यांची नोंद मोबदल्याच्या फायलीत नाही, कारण त्यांना मालक नव्हता. ज्याला मालक नाही ते नकाशातून पुसायला एक सही पुरते.

हे सगळे वाचवायला धडपडणारी माणसे शहरातच आहेत, हे मोठ्या कृतज्ञतेने नोंदवतो. पी. एल. उदयकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी राइसचा खंड हातात घेऊन एकेक दगड पुन्हा शोधला. कुठला आहे, कुठला फुटला, कुठला रस्त्याखाली गेला, याची नोंद केली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या मिथिक सोसायटीने पुढे या लेखांचे त्रिमितीय चित्रण हाती घेतले. तेल आणि चुन्याखाली गेलेली अक्षरे त्या चित्रणात पुन्हा उठून दिसतात, आणि राइसच्या पंडितांच्या हातून निसटलेल्या जागा आता वाचता येतात. राइसला न सापडलेले लेखही या शोधात मिळाले.

पुस्तकाची मांडणी तालुकावार आहे. सुरुवात नेलमंगलने केली, कारण निजगलमुळे मराठी वाचकाचा पाय तिथे लवकर ठरेल. त्यामागून होसकोटे, देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, आनेकल, मागडी, आणि शहरात मिसळलेली गावे शेवटी. गावांची नावे गावकरी उच्चारतात तशी लिहिली आहेत. जिथे शिलालेख आहे तिथे राइसच्या खंडातला तालुका व क्रमांक दिला आहे, आणि दगड सध्या कुठे उभा आहे ती खूण: कुठल्या देवळामागे, कुठल्या बांधावर. तळ्यांच्या प्रकरणांना जोडलेले नकाशे जुन्या मोजणीच्या नकाशांवरून काढले आहेत. त्यांतली निम्मी तळी आज जागेवर सापडणार नाहीत, तेव्हा जाणाऱ्याने कोडीचा दगड शोधावा आणि तिथून खालच्या उताराने चालत जावे.